भिंतीवरून काढलेला कागद

प्रत्येक कामाच्या ठिकाणी असा एक माणूस असतो, जो रजेवर गेला की सगळ्यांचं घोडं अडतं. आपण कौतुकाने म्हणतो, त्याच्याशिवाय इथलं पान हलत नाही. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागतं, आणि मग पान हलूच नये याची तो हळूहळू व्यवस्था करू लागतो. मंडळी, तुमच्याकडेही असेल असा कुणी. एकदा आरशातही पाहून घ्या, म्हणजे झालं.

आपल्या गोष्टीतला हा माणूस म्हणजे भाऊ. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते कॉम्प्युटरचं सगळं बघत. खालच्या मजल्यावर प्लास्टरचे साचे आणि चामड्याचे पट्टे, वरच्या मजल्यावर मापाची खोली, आणि तिच्या टोकाला काचेच्या दाराआड सर्व्हर. अकरा वर्षांत तिथे आलेल्या प्रत्येक माणसाचं माप त्या सर्व्हरमध्ये होतं. नुसती लांबी-रुंदी नव्हे. उरलेल्या पायाचा सगळा आकार, हाड कुठे वर येतं, दाब कुठे सोसत नाही, ते सगळं. त्यावरून यंत्र साचा कोरायचं. जुना पाय झिजला की तेच माप उघडून पुढचा पाय करायचा. कारखान्याची खरी दौलत ती, आणि त्या दाराची किल्ली भाऊंच्या कमरेला, पासवर्ड भाऊंच्या डोक्यात.

काम वाढलं म्हणून मालकांनी भाऊंच्या हाताखाली एक नवी मुलगी घेतली. वय भाऊंच्या निम्मं. महिनाभरात सगळा कारखाना तिला ताई म्हणू लागला. कुणाचा कॉम्प्युटर अडला की, "ताई, जरा बघता का?" ती नुसतं बघायची नाही, तर पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला कसं करता येईल तेही शिकवून जायची. भाऊंना हा शुद्ध वेडेपणा वाटला. सगळ्यांना सगळं शिकवून ठेवलं तर उद्या विचारणार कोण?

साच्यांचं काम बघणाऱ्या मावशी अकरा वर्षं चहाचा पहिला कप भाऊंना देत आल्या होत्या. एके दिवशी तो त्यांनी ताईच्या हातात ठेवला, कारण ती दाराजवळ उभी होती. भाऊ त्या दिवशी चहा प्यायलेच नाहीत. घरी बायकोने विचारलं तर म्हणाले, ॲसिडिटी आहे. पोटात दुखत होतं हे खरंच होतं, पण त्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

मग लाल बोर्डांचं प्रकरण झालं. वीज गेली तर सर्व्हर नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून कारखान्यात मोठा यूपीएस होता. त्याच्या बॅटरीवर सर्व्हर पस्तीस मिनिटं चालायचा. पण यूपीएसवर चालणाऱ्या लाल स्विचबोर्डांवर गेल्या काही वर्षांत भाऊंनी भलताच संसार थाटून दिला होता. मालकांच्या केबिनचा पंखा, पाणी थंड करायचं मशीन, मावशींच्या टेबलावरचा मोठा दिवा. कुणी गोड बोलून मागितलं की भाऊ जोडून द्यायचे, आणि वीज गेली की त्यांचं नाव निघायचं. ताईने मालकांना विचारून ते सगळं काढलं. दोन दिवस सगळे तिच्यावर कुरकुरले. भाऊंच्या मनात लाडू फुटले. तिसऱ्या दिवशी, ती जेवायला गेल्यावर, त्यांनी कुणाच्या नकळत एकेक करून सगळं परत लावलं. वीज जाईल तेव्हा कळेलच, असं स्वतःशी म्हणाले.

बॅकअपच्या बाबतीतही तेच. बॅकअपची डिस्क वर्षानुवर्षं सर्व्हरलाच जोडलेली असायची. ताईचं म्हणणं होतं, एक नकल इमारतीच्या बाहेर हवी. तिने एक काढून मालकांच्या घरी कपाटात ठेवलीही. दर आठवड्याला नवी न्यायची असं ठरलं, पण पुढची नकल नेण्याआधीच भाऊंनी मालकांचे कान भरले. लोकांची मापं अशी बाहेर फिरवायची का, उद्या काही झालं तर कोण जबाबदार? मालक घाबरले आणि तो विषय तिथेच राहिला.

शेवटी तिने एक कागद लिहिला. वीज गेली तर काय करायचं, कशानंतर काय, मोठ्या अक्षरात सात ओळी. मालकांच्या परवानगीने, सर्व्हर फक्त बंद करता येईल एवढ्यापुरताच एक वेगळा पासवर्ड काढून तोही त्यात लिहिला. दाराची दुसरी किल्ली करवून मावशींकडे दिली आणि कागद काचेच्या दाराशेजारी चिकटवला. मावशी चष्मा लावून तो वाचत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तर मलासुद्धा येईल की."

ते वाक्य भाऊंच्या काळजात घुसलं. अकरा वर्षांची अक्कल त्या बयेने सात ओळींत बसवली, आणि आता ती मावशींनासुद्धा येणार! शुक्रवारी सगळे निघून गेल्यावर भाऊंनी तो कागद भिंतीवरून काढला आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकला. जिन्यात पावलं वाजली तसे ते जरा दचकले, पण कुणी वर आलं नाही.

सोमवारी भाऊंनी अर्धा दिवस रजा घेतली होती. वडिलांचे डोळे तपासायचे होते. ताई नव्या बॅटऱ्या आणायला दुकानात गेली होती. सकाळी अकराला भाऊ दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसले होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मावशी. वीज गेली असणार हे त्यांनी ओळखलं. ताईला फोन लागत नसणार हेही ओळखलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

आता आली ना आठवण? पस्तीस मिनिटं हातात आहेत, होऊ दे दहा मिनिटं जिवाची घालमेल. मग मी फोन उचलीन, फोनवरून एकेक पायरी सांगीन, आणि कळेल सगळ्यांना. फोन तीनदा वाजला, तीनदा भाऊंनी तो हातात धरून वाजू दिला. शेजारी बसलेल्या वडिलांनी विचारलं, कोण आहे रे? भाऊ म्हणाले, कुणी नाही.

चौथ्यांदा उचलला तेव्हा मावशी रडत होत्या. कागद जागेवर नव्हता. यूपीएस आठ मिनिटांत बंद पडला होता. पंखा, पाण्याचं मशीन आणि मोठा दिवा यांनी बॅटरी पिऊन टाकली होती, आणि ते सगळं परत कुणी जोडलंय हे भाऊ स्वतःच विसरले होते! त्यानंतर वीज दोनदा आली, दोनदा गेली. सर्व्हर सुरू होता होता मध्येच बंद पडला. त्याच्याबरोबर त्याला जोडलेली बॅकअपची डिस्कही.

दुपारपर्यंत कळलं ते असं. सर्व्हरमधली मापं उघडत नाहीत, डिस्कही वाचता येत नाही. मालकांच्या कपाटातली नकल शाबूत आहे, पण ती तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे अकरा वर्षं वाचली ती ताईमुळे, आणि तीन आठवडे गेले.

मालकांचा पारा चढलेला होता आणि राग काढायला त्यांना कुणीतरी हवं होतं. नेमक्या वेळी बाहेर गेलीस, कागद नीट चिकटवता आला नाही, लाल बोर्ड मोकळे केले म्हणालीस ते कुठे केलेस? ताई भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांकडे बघत राहिली. मी लावला होता, एवढंच म्हणाली. मालक म्हणाले, संध्याकाळी केबिनमध्ये ये, पुढचं बोलू. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

भाऊंनाही कळला. गेले कित्येक महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आयता समोर आला होता. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. सुटलो, असं त्यांना वाटलं. पण तिथे त्यांना थांबवेना आणि ते खाली निघाले.

खाली चामड्याचे पट्टे शिवणारे आबा होते. कारखान्यातले सगळ्यात जुने. त्यांनी भाऊंना समोरच्या स्टुलावर बसवलं आणि हातातला पट्टा खाली ठेवला.

"शुक्रवारी मी जिन्यात होतो," आबा म्हणाले. "मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तूच सांग."

आबांनी आवाज चढवला नाही. आपल्याच उमेदीच्या काळातली एक गोष्ट सांगितली. गुडघ्याजवळच्या पट्ट्याची गाठ फक्त त्यांना यायची, आणि ती त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. शिकाऊ कुणी बघायला लागला की ते पाठ फिरवून बसत. मग एकदा त्यांचा हात मोडला. दोन महिने. त्या दोन महिन्यांत बेचाळीस माणसं पाय तयार असूनही घरी बसून राहिली, कारण पट्टा कुणाला बांधता येईना.

"मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून अडलं. मोठा मान वाटला," आबा म्हणाले. "मग त्यातली एक बाई मुलाला सोबत घेऊन, कुबड्यांवर, माझ्या घरी आली. म्हणाली, पट्टा कधी बांधणार? त्या दिवशी कळलं, मी स्वतःचा मान त्यांच्या पायांवर उभा केला होता. ज्यांना पाय नाहीत त्यांच्या."

"ती माझी जागा घेईल, आबा," भाऊ हळूच म्हणाले.

"घेईल. कधीतरी कुणीतरी घेणारच. हातात ठेवून देशील की हिसकावून घ्यायला लावशील, एवढंच तुझ्याकडे आहे."

भाऊ वर गेले. केबिनमध्ये ताई उभी होती आणि मालक बोलायला सुरुवात करत होते. भाऊंनी खणातला कागद टेबलावर ठेवला.

"हा मी काढला होता. पंखा नि बाकीचं सगळं परत मीच जोडलं. मावशींचा फोन दिसत होता, मुद्दाम उचलला नाही."

"पण का?" मालकांनी विचारलं.

"हिचं कौतुक बघवत नव्हतं मला."

मालक जे बोलले ते भाऊंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. नोकरी राहिली, पण किल्ली टेबलावर ठेवावी लागली. ताई रागावलेली होती आणि तिने ते लपवलं नाही. तिने फक्त एक कोरा कागद भाऊंपुढे सरकवला आणि विचारलं, तीन आठवड्यांत कोण कोण येऊन गेलं ते आठवतंय का? भाऊंना सतरा माणसं आठवली, कुणाचा पाय कुठून तुटलाय त्यासकट. उरलेली दोन मावशींनी सांगितली.

एकोणीस फोन भाऊंनी स्वतः केले. तुमचं माप माझ्या चुकीने गेलं, पुन्हा यावं लागेल, असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी फोन आपटला. एक बस कंडक्टर होता, पाय मिळाला की पुन्हा कामावर रुजू होणार होता. तो म्हणाला, "येतो पुन्हा. पण या वेळी माझं माप दोन ठिकाणी ठेवा."

पुढच्या बुधवारी मालकांनी स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडला. कागद समोर ठेवून मावशींनी नऊ मिनिटांत सर्व्हर बंद केला. भाऊ जिन्यात हात मागे बांधून उभे होते. टाळ्या मावशींना पडल्या. भाऊंच्या पोटात तेव्हाही बारीकशी कळ आली. अशी खोड एका आठवड्यात जात नाही.

महिन्याने कंडक्टर आपला नवा पाय घालून मापाच्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग भाऊंजवळ येऊन म्हणाला, साहेब, या वेळी माझं माप अगदी झकास जपलंत. खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

"ते मी नाही जपलं," भाऊ म्हणाले. "बसा, ताईला बोलावतो."

तर मंडळी, उद्या कामावर गेलात की बॅटरीवर नको ते काय जोडलंय ते पाहा. बॅकअप दुसऱ्या इमारतीत आहे का, आणि तो खरंच उघडतो का, तेही पाहा. वीज गेल्यावर काय करायचं ते भिंतीवर लिहून ठेवा. आणि दुसऱ्याचं कौतुक ऐकून पोटात दुखलं, तर तो कागद काढायला हात जाण्याआधी एवढंच आठवा, की तुमच्या हट्टापायी खोळंबणारा माणूस तुमचा शत्रू नसतो. तो कुठेतरी कुबड्या भिंतीला टेकवून तुमच्या फोनची वाट बघत बसलेला असतो.