दोन मिनिटांची वाळू

मला आडवं टाकलंय, म्हणून झोपलोय असं समजू नका. सभागृहाच्या टेबलावरचं वाळूचं घड्याळ ते मीच. दोन मिनिटांचा जीव, पण भल्याभल्यांना पळवलंय मी!

माझा जन्म भांडणातून झाला. मतदानाची घंटा वाजल्यावर दारं किती वेळाने बंद करायची, यावर नियम समितीत तीन दिवस जुंपली. कोणी म्हणे दहा मिनिटं, कोणी म्हणे एकच. शेवटी त्यांनी आपल्यातल्या सर्वांत तरुण मेंबराला खाली उपाहारगृहात बसवलं आणि घंटा वाजवली. गडी एकेकाळचा फुटबॉलवाला. तीन-तीन पायऱ्या गिळत दोन मिनिटांच्या आत वर हजर! झालं, नियमात दोन मिनिटं लिहिली आणि काचवाल्याने तेवढीच वाळू माझ्या पोटात भरली. शहाण्यांची समिती ती!

आमची पद्धत अशी. बाजूने कोण, विरुद्ध कोण, हे सभापती विचारणार. नुसत्या ओरडण्यावर कोणाचं समाधान झालं नाही, तर त्याने मोजणी मागायची. मग सचिवबाई मला उलटं करणार, घंटा वाजणार. वाळू संपली की दरवान कडी घालणार. मागून आलेला बाहेर.

काय एकेक धावायचे! कोणाच्या मिशीला चहा, कोणाच्या हातात बूट. तासभर भाषण ठोकणारे माझ्यापुढे गप्प. दमट हवेत मी मुद्दाम दोन कण अडकवून ठेवायचो; सचिवबाई पेन्सिलीने टकटक करायच्या. फार मजा!

या गर्दीत माझा जीव एका म्हाताऱ्या मेंबरावर. गुडघ्यांनी दगा दिलेला, हातात काठी. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. काम चालू असताना कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं नाही, एवढंच त्यांचं विधेयक. त्यांची लेक अशाच एका कुलपामागे आगीत गेली होती.

त्या दिवशी चर्चा लांबली. अप्पा औषध घ्यायला खाली गेले, आणि तेवढ्यात विरोधातल्या एकाने मोजणी मागितली. मी उलटा झालो. जिन्यावर काठीचा आवाज येत होता. मी जीव खाऊन वाळू अडवली. सचिवबाईंनी टकटक केलं. बाई, आज नको हो! पण काचेला कुठली जीभ? शेवटचा कण पडला, कडी लागली, आणि दारावर काठी आपटली.

"अरे उघड! माझंच बिल आहे रे आत!"

"वाळू संपली, अप्पा," दरवान दाराला पाठ लावून म्हणाला. "माझी नोकरी जाईल हो."

मतं पडली सारखी. अशा वेळी सभापतींनी जुनं आहे तेच राखायचं, हा रिवाज. विधेयक पडलं. आणि पडलेलं विधेयक वर्षभर पुन्हा आणता येत नाही, हाही नियमच.

समितीला लाज वाटली असावी. ती पुन्हा बसली. या वेळी अप्पांनाच खालून चालत यायला लावलं. पावणेचार मिनिटं लागली. नियमात चार लिहिली, भिंतीवर विजेचं घड्याळ आलं आणि मी कपाटात गेलो. त्यांचं बरोबरच होतं, त्यामुळे रुसताही येईना. एकट्याने रुसायचं तरी कोणावर?

वर्षाने कपाटाच्या आतून ती लांब घंटा ऐकली. चार मिनिटं संपता संपेनात. मग बाकं बडवल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने दरवानाने कपाट उघडलं. मागे अप्पा.

"पाच मतांनी पास झालं की! घरी जाऊन पडा जरा. हे काय बघायचं?"

"बघू दे रे."

त्यांनी मला टेबलावर उभं केलं, उलटं केलं आणि सगळी वाळू पडेपर्यंत बघत बसले. मी एक कणही अडवला नाही.

"एवढीच होती होय," ते म्हणाले, आणि गेले.

दरवानाने मला पुन्हा कपाटात आडवं टाकलं; त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. वाळू एका बाजूला बसून घट्ट होत चाललीय. कपाट उघडंच असतं. इकडे आलात, तर एकदा उलटं करा आणि समोर बसा. दोनच मिनिटं घेईन.