तिसऱ्या नळीवरची लाल रेघ

दुपारी तीनच्या सुमाराला मोजणीदारांनी गॅरेजचं शटर अर्धं वर केलं आणि ते पुन्हा एकदा म्हशीसमोर गुडघे टेकून बसले. म्हैस म्हणजे त्यांची मोटरसायकल. चार सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची, चाळीस वर्षांची, अंगानं अशी आडवी की गॅरेजमधून बाहेर काढायची तर आधी आरसे दुमडावे लागत. हे नाव बायकोनं ठेवलं होतं, गाडी घरी आली त्याच दिवशी, आणि मोजणीदार त्यावरून दोन दिवस फुगून बसले होते. पुढे त्यांच्याही तोंडी तेच बसलं. काय करणार, शोभतच होतं तिला.

उभा जन्म त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे आणि हे आपले शांतपणे दुर्बिणीला डोळा लावून उभे. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की घरात कुणी ऐकेनासं झालं होतं. त्यांच्या हत्यारांना, उपकरणांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा लेकीनं त्यांची मोजपट्टी घेऊन दोरीवरच्या उड्या मारल्या, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

तीच लेक आज पाच वाजता यायची होती. आईला घेऊन जायला.

आठ महिन्यांपूर्वी बायकोला झटका आला. पाय सावरला, उजवा हातही थोडाफार चालू लागला, पण शब्दांची मात्र पार गल्लत झाली. चमच्याला ती घड्याळ म्हणायची. पाणी हवं असलं की रस्ता मागायची. कधी कधी तर दिवसचे दिवस काहीच बोलायची नाही, खिडकीशी बसून राहायची, आणि हाक मारली तर वळून असं बघायची, जणू कुणी परकाच दारात उभा आहे. लेकीनं एक ठिकाण पाहून ठेवलं होतं. स्वच्छ खोल्या, मागे बाग, चोवीस तास नर्स.

"बाबा, तुम्ही कोण हे तरी तिला कळतं का, मला सांगा," लेक गेल्या रविवारी म्हणाली होती. "तुम्ही स्वतःला किती दिवस फसवणार?"

लेक वाईट नव्हती हो, रडतच बोलत होती. आणि खरं सांगायचं तर हाच प्रश्न ते स्वतःला रोज विचारत होते. बायको आत कुठेतरी शिल्लक आहे, याची एक खूण, फक्त एक खूण मिळाली असती, तर ते जगाशी भांडले असते. ती मिळत नव्हती. म्हणून आज बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, आणि मोजणीदार त्या बॅगेकडे बघवत नाही म्हणून गॅरेजात येऊन बसले होते.

बरं, इथे तरी सुख असावं! तर म्हैसही रुसलेली.

तिला चार कार्ब्युरेटर. चौघांनी सारखी हवा ओढली तर गाडी मांजरीसारखी घुरघुरते. एखादा जरी पुढेमागे झाला, तर हँडलपासून मागच्या पावदानापर्यंत थरथर सुटते. ते जुळवायला मोजणीदारांकडे पाऱ्याचा फळा होता: मापाच्या रेघा आखलेल्या लाकडी पाटीवर चार काचेच्या नळ्या शेजारी शेजारी, प्रत्येकीची रबरी शेपटी एकेका कार्ब्युरेटरच्या मागे जोडायची. इंजिन सुरू केलं की त्याच्या ओढीनं पारा वर चढतो. चारही नळ्यांत एका उंचीवर आला, की जुळलं. तिसऱ्या कार्ब्युरेटरला स्वतःचा स्क्रू नसतो. तो आपला मालक, बाकी तिघांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. म्हणूनच बहुधा, कंपनीनं तिसऱ्या नळीच्या वरच्या टोकाशी एक बारीक लाल रेघ मारून दिली होती.

बायकोच्या आजारपणानंतर मोजणीदारांनी चार वेळा हे काम केलं होतं. चारही वेळा पारा एका रेषेत, केसाचाही फरक नाही. आणि चारही वेळा गाडी थडथडत होती. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणजे हातच गेला आपला. ती गेली आणि हातही गेला. मोजणीदारांना या वाक्याची अलीकडे सवय झाली होती.

पेट्रोलची टाकी उतरवलेली होती. तिच्याऐवजी भिंतीवरच्या खिळ्याला एक बाटली टांगून त्यातून नळीनं पेट्रोल सोडलं होतं. दवाखान्यात बायकोच्या उशाशी अशीच बाटली असायची. मोजणीदारांनी तिकडे पाहायचं टाळलं आणि बटण दाबलं. म्हैस जागी झाली. इंजिन तापू नये म्हणून समोर लावलेल्या पंख्याचा वारा येत होता, शटरखालून आलेल्या उन्हात धूळ हळूहळू फिरायला लागली, आणि चार नळ्यांमधून पारा सावकाश वर निघाला.

हा आवाज ऐकत बसलं की त्यांचं भान सुटायचं. कुठल्या कुठे जायचे ते. लांबलचक मिठाचा पांढरा पट्टा, त्यावर गाडीची एकटीच सावली, आणि पाठीवर टेकलेलं बायकोचं डोकं, कारण ती चालत्या गाडीवर खुशाल झोपायची. धुक्यातला एक घाट, जिथे पुढचं काहीच दिसत नव्हतं आणि ती कानाशी ओरडत होती, "अहो, पोचलो की आपण ढगात! आता उतरायचं कशाला?" कुठला घाट, कुठलं साल, आता सगळं एकात एक मिसळलं होतं. पण प्रत्येक प्रवासाच्या आदल्या दिवशीची दुपार मात्र एकच होती. ते गाडीच्या पलीकडे आडवे पडून लांब स्क्रूड्रायव्हर आत घालायचे, आणि फळा इकडे असायचा, बायकोसमोर. तिथून त्यांना तो दिसत नसे. ती स्टुलावर बसून सांगायची. "एक नंबर वर. अजून. अहो, किती घाई! आता दोन, जरासा खाली. बास."

त्या "बास" वर त्यांनी अर्धी पृथ्वी फिरून घेतली होती.

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

मोजणीदारांनी मान वळवली. बायको बसली होती. अनवाणी, विस्कटलेल्या केसांनी, तिच्या नेहमीच्या स्टुलावर. कधी आली, कशी आली, देव जाणे. तिनं डाव्या हातानं फळा स्वतःकडे वळवून घेतला.

"अगं, धूर आहे इथे. आत जा बघू," ते म्हणाले. ती हलली नाही.

असू दे. शेवटचीच तर दुपार. खेळातला खेळ म्हणून ते पलीकडे गेले, गुडघे कटकट वाजवत आडवे झाले, आणि जुन्या सुरात ओरडले, "हं, सांग!"

मग सीटवरून तिचा हात दिसला. एक बोट. "वर," ती म्हणाली.

मोजणीदारांनी स्क्रू फिरवला. "वर... वर... बास." मग दोन बोटं. मग चार बोटं, "खाली... बास." प्रत्येक शब्द जागच्या जागी! ते धडपडत उठले, वळसा घालून आले आणि त्यांनी फळा पाहिला.

पहिली, दुसरी आणि चौथी नळी एका उंचीवर होती. तिसरीतला पारा चांगला दीड रेघ खाली.

घ्या! आणि ती समाधानानं फळ्याकडे बघत होती. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या चार नळ्या, लहान पोरालाही कमीजास्त कळेल, आणि हिला दिसेना. मोजणीदार तिच्याजवळ खाली बसले. एक खूण मागितली होती, ती मिळाली. लेकीचंच खरं होतं.

"बरं झालं हं, छान सांगितलंस," ते कसंबसं म्हणाले. फळा त्यांनी आपल्याकडे वळवला आणि इकडूनच स्क्रूड्रायव्हर तिरका घालून पारा एका रेषेत आणायला लागले. असं वाकडं सोडून जायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"नाही!" बायको म्हणाली.

"अगं, थांब."

"नाही! घड्याळ! नाही!" तिनं त्यांच्या मनगटावर फटका मारला. पण तोवर पारा जुळला होता, आणि म्हैस थडथडायला लागली होती. फळीवरचा पाना नाचत नाचत खाली पडला.

बायकोनं स्टूल मागे ओढलं. डावं पाऊल उचललं आणि गाडीच्या मागच्या पावदानावर ठेवलं, जिथे ते तीस वर्षं असायचं. डोळे मिटले. मग तोंड वाकडं करून ती म्हणाली, "मुंग्या."

मोजणीदार जागीच थांबले. हा शब्द बरोबर होता.

आणि हा शब्द त्यांनी ऐकलेला होता. फार जुना एक प्रवास. सबंध वाटभर ही तळपायाला मुंग्या येतात म्हणून कुरकुरत होती, आणि ते म्हणत होते, पारा बघून जुळवलंय, यंत्र खोटं बोलत नाही, तुझेच पाय नाजूक. त्यानंतरच्या कुठल्याच प्रवासात तिनं मुंग्यांचं नाव काढलं नव्हतं. बावीस वर्षं झाली त्याला.

ते पलीकडे गेले. आडवे झाले. "सांग," म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खेळातला नव्हता.

एक बोट, दोन बोटं, चार बोटं. "वर. वर. खाली. बास."

थरथर गेली. अशी गेली की मोजणीदारांना वाटलं इंजिन बंद पडलं. त्यांनी सीटवर तळवा ठेवला. आत कुठेतरी लांब, झोपलेल्या जनावराचा श्वास चालावा तसं काहीतरी चाललं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मग त्यांनी चष्मा लावला आणि फळ्यापाशी गेले. तिसरा पारा दीड रेघ खालीच होता. त्यांनी ती लाल रेघ जवळून पाहिली. नखानं खरवडली. टवका निघाला, आणि तो बोटावर घेऊन बघताना त्यांना कळलं की कुठल्याही कंपनीनं अशी रेघ मारलेली नाही. नेलपॉलिश होतं ते. टवका निघाला तिथे काचेत केसाएवढी चीर होती. नेलपॉलिशनं ती पुरती बुजली नव्हती, तिथून थोडी हवा शिरत होती, आणि म्हणून तिसरी नळी बावीस वर्षं दीड रेघ कमी सांगत होती.

फळा पाडला होता हिनं. पाडला, घाबरली, चीर नेलपॉलिशनं बुजवून टाकली. आणि पुढच्या प्रवासात तळपायांनी तिला चूक सांगितली, तेव्हापासून ती त्यांना दरवेळी दीड रेघ मनातल्या मनात धरून, खोटंच सांगत आली होती. गाडी खरी चालावी म्हणून! आणि हे मोजणीदार, यंत्रावर विश्वास ठेवणारे, सगळी वर्षं हिच्यावर चालले होते. तो दीड रेघेचा हिशोब अजून हिच्या डोक्यात जसाच्या तसा होता. घड्याळ आणि चमचा गेले होते, पण हा होता. त्यांचा हात शाबूत होता, आणि ती शाबूत होती.

शटरखाली लेकीचे पाय दिसले. ती वाकून आत आली. "बाबा, दाराशी ठेवलेली एकच बॅग ना? आईची औषधं त्यातच..." बोलता बोलता ती थांबली, कारण बाबा हातात एक लाल टवका घेऊन उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मोजणीदारांनी तो टवका बायकोसमोर धरला. बायकोनं पाहिला. हळूच पदराचं टोक तोंडाशी नेलं, चोरी पकडल्यासारखं, आणि आठ महिन्यांत पहिलं सबंध वाक्य तिच्या तोंडातून निघालं.

"अहो, चिडू नका."

"चिडतोय कुठे," मोजणीदार म्हणाले. त्यांनी तो टवका शर्टाच्या खिशात ठेवला आणि लेकीकडे वळले.

"बॅग आत नेऊन ठेव, बाळ. आणि तिचं हेल्मेट घेऊन ये, खुंटीवर आहे बघ."