बिनवाऱ्याचं टेबल

“खोक्यावर चार किलो छापलंय. भरतोय तीन सातशे,” काटेवाले काका म्हणाले आणि मापात पाप करणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं त्यांनी पारड्यातल्या पंख्याकडे बघितलं.

“पाती धरली का, काका?”

“पाती, दांडी, वाट्या, स्क्रू. सगळं धरलं.”

“मग खोका धरून चार होत असेल.”

“खोक्याचा वारा लागतो का?” ते म्हणाले.

मी वायरमन. तेवीस वर्षांत किती पंखे टांगले त्याची माझ्याकडे वही आहे, पण छताला जायच्या आधी तराजूत बसलेला पंखा मी पहिल्यांदाच पाहत होतो. वहीत पंखे, माणसांची नोंद मात्र मी डोक्यात ठेवतो. माझा ठोकताळा असा, की स्वयंपाकघरात पंखा बायकोला हवा असतो आणि नवऱ्याला नको असतो. कारण विचारलं की नवरा विजेकडे बोट दाखवतो. खरं कारण तिसरंच असतं आणि ते पंखा लागून फिरायला लागल्यावर बाहेर पडतं.

या घरातून मी याआधी दोनदा परत गेलो होतो. पहिल्यांदा “आज पाहुणे यायचेत”, दुसऱ्यांदा “आज टेबल हलवता येणार नाही”. दोन्ही वेळा दारात काकू होत्या. मी मनात निकाल लावून टाकला होता, की आतून म्हातारा बोलतोय आणि ही बिचारी निरोप्याचं काम करतेय. आज दार काकांनी उघडलं आणि माझ्या हाताला धरून मला जवळजवळ ओढतच आत नेलं.

“लवकर चढा,” ते कुजबुजले. “ती मागे कपडे वाळत घालतेय.”

पण पंखा तराजूत घातल्याशिवाय त्यांनाच राहवेना, आणि तेवढ्यात काकू आल्याच.

स्वयंपाकघर म्हणजे तापलेला डबा होता. सकाळचे अकरा, खिडकी बंद, आणि तिच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या. मधोमध एक जड लाकडी टेबल, त्याच्या एका पायाखाली पत्र्याची घडी. छताच्या हुकातून टेबलावर एक दिवा लोंबत होता, पत्र्याची टोपी घातलेला आणि इतका खाली, की हुक बघायला टेबलावर वाकताना माझं कपाळ त्यावर आपटलं.

“सगळ्यांचं आपटतं,” काकू म्हणाल्या. त्या शेंगा निवडायला बसल्या. घाम हनुवटीवरून थेंबाथेंबाने पडत होता. “तुम्ही उगाच खेप घातलीत. मला नाही होत गरम.”

“काकू, बाही पार भिजलीये तुमची.”

“भांडी घासताना भिजली.”

भांडी फळीवर कोरडी ठणठणीत पालथी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि भांड्यांचा विषय आम्ही दोघांनी तिथेच सोडला.

“लावायचाच असेल तर ओट्याकडे लावा,” त्या म्हणाल्या.

“गॅस विझेल.”

“मग दारावर.”

“दारावर पंखा नसतो हो, तोरण असतं. हे बघा, हुक एकच आहे आणि तो टेबलावर आहे. बाकी कुठे म्हणाल तर छत फोडावं लागेल.”

“टेबलावर नको.” शेंगेचा देठ त्यांनी जरा जोरातच मोडला. “चहा टाकते. पिऊन जा.”

म्हणजे आडवी आली होती ती बायको. तेवीस वर्षांचा ठोकताळा एका देठासरशी मोडला. मला आता पंख्यापेक्षा कारणातच रस वाटायला लागला. मी शिडी भिंतीला टेकवली आणि बसलो.

चहा आला. काकूंनी बशीत ओतला, मान पूर्ण भिंतीकडे वळवली आणि भिंतीकडे तोंड करून फुंकर मारली. समोर काकांनीही तेच केलं, फक्त उलट्या बाजूच्या भिंतीकडे. भांडलेलं जोडपं बसावं तशी दोघांची तोंडं दोन दिशांना. मी आधी एक भिंत पाहिली, मग दुसरी. दोन्हीकडे काही नव्हतं.

“तिकडे काय आहे?” मी विचारलं.

दोघांनी एकदमच बशा खाली ठेवल्या. काका हसले. “काही नाही. सवय.”

मग उलगडा झाला. काका तराजू दुरुस्त करायचे. बाजारातले मोठे काटे दुकानात, पण सोनारांचे नाजूक काटे घरी आणायचे, कारण दुकानात रस्त्याची धडधड. या टेबलावर काचेच्या पेटीतून तो काटा बाहेर निघाला, की कुणी नुसता उच्छ्वास सोडला तरी पारडं हलायचं. म्हणून खिडकी बंद. म्हणून पंखा नाही. तीस वर्षं. या घरात फुंकर मारायची ती भिंतीकडे, आणि शिंक आली तर पळत अंगणात.

“मुलगी अजून पळते,” काकू म्हणाल्या. “सासरी. जावई सांगत होते, शेजारी विचारतात, तुमची बायको सारखी बाहेर येऊन शिंकते, घरात काही भांडण आहे का?”

मी हसलो. हसताना मीही तोंड जरा बाजूला केलं, हे नंतर लक्षात आलं.

“शेवटचा काटा कधी आला होता, काका?”

विचारायला नको होतं. पण मला राहवत नाही.

“गेल्या उन्हाळ्यात,” काकू पटकन म्हणाल्या.

“त्याच्या आदल्या,” काका म्हणाले. “आता सगळे बटणावरचे आलेत. ते माझ्याकडे कशाला येतील?”

“बटणं काय, बिघडतात. बिघडली की जुना काटा काढतील माळ्यावरून, आणि आणतील तुमच्याकडेच. तेव्हा डोक्यावर पंखा गरगरतोय बघून परत जातील.”

“मागच्या आठवड्यात तू ओट्यापाशी चक्कर येऊन बसलीस. उठवायला शेजारची आली.”

“उपाशी होते.”

“जेवून उठली होतीस.”

काकूंनी शेंगांचं ताट पुढे ओढलं, परत मागे सारलं. मग माझ्याकडे बघून, पण काकांना म्हणाल्या, “दिवा उतरवला की टेबल जेवायचं होईल. मग तुम्ही दिवसभर बसणार कुठे?”

कारण बाहेर पडलं. यावेळी पंखा लागायच्या आधीच.

काका उठले. कपाटातून काचेची पेटी आणून टेबलावर ठेवली आणि तिचं पुढचं दार वर सरकवलं. आत पितळेचा छोटा काटा, नाण्याएवढी दोन पारडी. शेजारी एक मखमली डबी. तिच्यात वजनं ओळीने मांडलेली, आणि शेवटची तर वजनंसुद्धा वाटत नव्हती, पत्र्याचे नुसते कपटे. काकांनी दिवा लावला. काकूंनी न सांगता गॅस बंद केला, दार लावलं आणि तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. बघून मीही श्वास धरला.

चिमट्यात एक कपटा उचलून ते पारड्याकडे नेऊ लागले. कपटा टेबलावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पारड्यात पडला, पण चिमटा पारड्याला लागला आणि पारडं झोके घेत राहिलं.

“खिडकी बंद आहे ना?” काकांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं. एखाद्याला रस्ता विचारावा तसं विचारलं.

काकूंनी मान हलवली.

“दार?”

पुन्हा मान.

“तू श्वास धरलायस, यांनी धरलाय. मग वारा येतोय कुठून?” त्यांनी चिमटा धरलेला हात दिव्याखाली धरला. चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर बारीक बारीक वाजत होती. “इथून येतोय. दोन वर्षं झाली. आदल्या उन्हाळ्यातला तो काटा मी दुरुस्त नाही केला, तसाच परत दिला. तुला म्हटलं नाही.”

काकूंनी त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला, मखमली डबीत ठेवला आणि डबी मिटली. पेटीचं दार खाली ओढायलाही विसरल्या नाहीत. दिव्याची पत्र्याची टोपी त्यांनी स्वतः फिरवून काढली, फडक्याने आतून पुसली आणि मला म्हणाल्या, “हुक भार घेईल ना?”

“तीन सातशे? आरामात.”

“मोजून सांगितलंय त्यांनी,” त्या म्हणाल्या. “चार नाही.”

मी चढलो, दिवा उतरवला. छताचा रंग हुकावर चढून चढून दगड झाला होता, तो खरवडला, वायर ओढली, दांडी अडकवली, पाती बसवली. खाली काकूंनी खिडकीच्या फटीतल्या चिंध्या एकेक ओढून काढल्या आणि कुणी मागे लागल्यासारखं बादलीत टाकल्या. बटण कुणी दाबायचं यावर दोघांचं “तू”, “तुम्हीच” असं झालं. शेवटी मीच दाबलं. पंखा कुरकुरला, मग सरळ फिरू लागला.

खरवडलेल्या रंगाची धूळ माझ्या नाकात गेली होती. शिंक आली. मी शिडीवरून उतरलो आणि पळत अंगणात गेलो. तिथे मनसोक्त शिंकलो. नाक पुसताना माझं मलाच कळलं की मी कुठे येऊन उभा आहे.

खिडकी आता उघडी होती. आतलं सगळं दिसत होतं. काकू पंख्याखाली दोन्ही हात जरा पुढे धरून उभ्या होत्या. भिजलेल्या बाह्या वाळत होत्या. टेबलावर पंख्याच्या हमीपत्राचा कागद फडफडत होता, उडायच्या बेतात. काकांनी मघाशी पंखा तोललेल्या मोठ्या काट्याची वजनं पुढे ओढली. ती त्यांच्या हातात नीट बसत होती.

दहा ग्रॅमचं कागदावर ठेवलं. कागद वजनासकट सरकला. ते वाकून बघत राहिले, आणि काकूंचा एक हात आपसूक तोंडावर गेला. ते काढून वीसचं ठेवलं. कड उचलली, पडली, पुन्हा उचलली. मग त्यांनी पन्नासचं पितळी वजन उचललं, कागदाच्या मधोमध ठेवलं आणि हात बाजूला घेतला.

कागद थांबला.

“वारा पन्नास भरतोय,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे काकूंनी तोंडावरचा हात काढून श्वास सोडला. आणि खोटं कशाला बोलू, बाहेर मीही.