नकारांक

नकारांक हा शब्द आमच्या सरांनी शोधून काढला. त्याआधी तो नव्हता, आणि कोणाचं काही अडलंही नव्हतं.

रक्तात लायपेज नावाचं एन्झाइम असतं. चरबी फोडणं हे त्याचं काम. सरांचं म्हणणं असं, की ज्याच्या रक्तात ते जास्त, त्याची किडनी दुसऱ्याच्या अंगात बसवली की ती स्वतःच्याच पेशींची आवरणं पोखरत बसते. म्हणून किडनी देणाऱ्याचं रक्त तपासायचं, लायपेजचा आकडा काढायचा, आणि तो मोठा आला तर त्या माणसाला घरी पाठवायचं. हा आकडा म्हणजे नकारांक. रुग्णालयाने तो मान्य केला, कारण सर प्रमुख होते आणि शब्द भारदस्त होता.

प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पाठीमागे युगपुरुष म्हणायचो. ते स्वतःचा उल्लेख ‘आम्ही’ असा करत, खोलीत एकटे असले तरी. त्यांच्या पहिल्या सहायकाचं नाव होयबा पडलं होतं. सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची मान हललेली असे. सर शिंकले असते तर त्याने त्यालाही दुजोरा दिला असता.

युगपुरुषांचा पुढचा शोध असा, की ज्यांच्या किडनीला एकाऐवजी दोन धमन्या असतात त्यांचा नकारांक मोठा असतो. दोन धमन्या, दुप्पट रक्त, दुप्पट एन्झाइम. परिषदेत त्यांनी हे मोठ्या पडद्यावर बाण काढून सांगितलं. बादलीवर दोन नळ सोडले म्हणून बादली मोठी होत नाही, हे त्या सभागृहात कोणालाच सुचलं नाही. चहाची वेळ झाली होती. टाळ्या पडल्या.

मग माझी मावशी नापास झाली.

तिचा मुलगा डायलिसिसवर होता. त्यासाठी हातावर शीर आणि धमनी जोडून केलेली वाट दुसऱ्यांदा बंद पडली होती, आणि सुई घालायला धड जागा उरत चालली नव्हती. काकांना मधुमेह, त्यामुळे किडनी मावशीच देणार हे घरात कोणी ठरवलंसुद्धा नव्हतं. ते तसंच होतं. बाकी सगळ्या तपासण्या जुळल्या. स्कॅनमध्ये तिच्या डाव्या किडनीला दुसरी धमनी असल्याची शंका आली, म्हणून रक्तवाहिन्यांच्या सर्जनबाईंनी जांघेतून बारीक नळी घालून पाहिलं. धमन्या खरंच दोन निघाल्या. त्याने काही अडत नाही, फक्त शिवणकाम थोडं वाढतं, असं बाईंनी तिला समजावलं. मावशी शिवणाचे क्लास घेते. “म्हणजे दोन बाह्या जोडायच्या,” ती म्हणाली. बाईंना हे फार आवडलं.

आणि चार दिवसांनी नकारांक आला. मोठा.

मावशीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. “अगं, तुझ्याच मशीनवर नापास झाले ना मी? मग लाव की थोडा वशिला.”

वशिल्याने आकडा बदलत नाही, हे मी तिला सांगितलं. पण संध्याकाळी तिच्याकडे गेले, आणि रक्त कुठल्या हाताचं घेतलं होतं तेवढं विचारलं.

“हाताला कुठे टोचलं? त्या जांघेतल्या नळीतूनच घेतलं. म्हणाले, दोनदा कशाला त्रास.”

मी तिच्या शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसून राहिले. नळीत रक्त गोठू नये म्हणून आधी हेपारिन देतात. लायपेज रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेलं असतं, आणि हेपारिन मिळालं की ते सुटून रक्तात उतरतं. कोणाचंही. ही दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातली गोष्ट आहे, परीक्षेत हमखास येते. एक धमनी असणाऱ्यांचं स्कॅनवर भागतं आणि त्यांचं रक्त हाताचं. दोन धमन्यांची शंका आली की नळी, नळी आली की हेपारिन. युगपुरुषांनी दोन धमन्यांचा नव्हे, नळीचा शोध लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या हाताचं रक्त घेतलं. तुलनेसाठी होयबाचंही घेतलं. त्याने बाही आधीच वर केली होती. मावशीचा आकडा त्याच्यापेक्षा कमी आला.

बैठकीत मी हे मांडलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रक्त रोज बदलत असतं असं ते म्हणाले. ऋतूप्रमाणेही बदलतं, असं होयबा म्हणाला. मग सरांनी मला सांगितलं की नात्यातल्या पेशंटच्या बाबतीत तरुण संशोधकांची नजर गढूळ होते, आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय फ्रीजरच्या किल्लीचा होता.

सर्जनबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. “हेपारिन मीच देते,” त्या म्हणाल्या. “रक्त केव्हा घेताय हे मला एकदा विचारायचं तरी.” उद्या त्यांच्याकडे नळीचा एक पेशंट होता. हेपारिनच्या आधीची एक आणि नंतरची एक, अशा दोन बाटल्या त्या पाठवणार होत्या.

पाठवल्या. आधीच्या बाटलीत माणूस पास, नंतरच्या बाटलीत तोच माणूस नापास.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी ‘चुकलं’ म्हणेल. तसं काही झालं नाही. सूचनाफलकावर परिपत्रक लागलं, की यापुढे रक्त हातातूनच घ्यावं, आणि त्या आकड्याला सुधारित नकारांक म्हणावं. सरांनी त्यावर निबंधही लिहायला घेतला. आधी घरी पाठवलेल्यांना परत बोलवूया, असं मी त्यांना जाऊन सांगितलं. “त्या वेळच्या नकारांकाप्रमाणे ते नापासच होते,” सर शांतपणे म्हणाले. “शास्त्र असंच पुढे जातं.” त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता, उलट मला काहीतरी शिकवल्याचं समाधान होतं.

फोन शेवटी सर्जनबाईंनी केले. एका घरी तो, मुलीला किडनी द्यायला येऊन नापास झालेल्या वडिलांनी उचलला. बाईंचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि आता गरज नाही म्हणाले.

मावशीचं ऑपरेशन झालं. सकाळी वॉर्डात गेले तेव्हा मुलाच्या पिशवीत लघवी जमू लागली होती, आणि काका ती पिशवी लॉटरी लागल्यासारखी बघत होते. शेजारच्या खोलीत मावशी कुशीवर पडून होती. तेवढ्यात युगपुरुष लवाजम्यासह आले. पलंगाशी उभे राहिले, हात मागे बांधले.

“आमच्या सुधारित नकारांकाने पास केलं तुम्हाला, बरं का.”

मावशीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. गिऱ्हाइकाने आणून दाखवलेल्या उसवलेल्या कापडाकडे पाहावं तसं.

“आणि आधी नापास कोणी केलं होतं?”

“सरांनीच,” होयबा म्हणाला. मान हलवून झाल्यावर त्याला प्रश्न समजला.

सरांना एकाएकी वरच्या मजल्यावर काम निघालं. लवाजमा त्यांच्यामागे गेला. होयबा सगळ्यांत मागे, भिंतीच्या कडेने.

मावशीने मला जवळ बोलावलं. हसू आलं की टाके दुखत होते, म्हणून ती ओठ दाबून होती.

“दोन्ही बाह्या नीट बसल्या का गं?”

“बसल्या,” मी म्हटलं.