डावा जबडा

सरांनी आयुष्यात प्राण्यांचं एकच नवं कूळ उभं केलं, तेही एका मेलेल्या जिवावर. तो जीव अँफिपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही कुशींनी चपटा प्राणी. खोल समुद्रातून वर आलेल्या त्या एकुलत्या एका नमुन्याच्या जबड्याला पाल्प नव्हता. पाल्प म्हणजे त्याच्या जवळच्या सगळ्या नातेवाइकांना असतो तो बारीक, सांधेदार दांडा. तेवढ्यावरून सरांनी त्याला वेगळं कूळ दिलं. जबडा जपून ठेवलेली काचेची स्लाईड इमारत बदलताना फुटली, असं ते सांगायचे. विरोधक म्हणायचे, "दाखवा की मग!" आणि सरांची शिष्या, म्हणजे आमच्या बाई, सरांच्या बाजूने भांडता भांडता म्हाताऱ्या झाल्या.

आता कुठे दुसरा नमुना हाती आला होता. सर मात्र रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले. बाई भेटायला गेल्या की एकच विचारायचे, "उघडलंस का त्याचं तोंड?"

बाईंनी ते उघडलं. सूक्ष्मदर्शकाखाली, ग्लिसरीनच्या थेंबात, सुईने ओठ बाजूला सारले. उजवा जबडा जाळ्यातच चुरडला होता. राहिला डावा. तो चिमट्यात आला, अगदी अलगद आला, आणि चिमटा निसटला. टिचकी मारावी तसा जबडा उडाला.

"कुणी हलू नका!" बाई ओरडल्या. खोलीत त्या आणि शिपाईदादा, दोघंच होती.

पंखा बंद केला. फरशीवरून ओला कागद फिरवला. दोघं लहान मुलांसारखी रांगली. चष्म्याचा स्क्रू सापडला, दादांचं कधीचं हरवलेलं बटण सापडलं.

"बाई, एवढं शोधलं असतं तर देव सापडला असता," दादा म्हणाले.

बाईंना रडू येत होतं, पण रडायचीही भीती वाटत होती. न जाणो, डोळ्यातल्या पाण्याबरोबर जबडा वाहून जायचा.

संध्याकाळी त्या सरांच्या खाटेशी बसल्या. 'पाल्प नव्हता, सर,' एवढं म्हटलं की म्हातारा सुखाने डोळे मिटणार होता. पण जीभ काही रेटेना.

"उडाला ना?" सरच म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली.

"डावा?"

"डावाच."

"माझाही." सर छताकडे बघत राहिले. "स्लाईड कधी झालीच नव्हती, पोरी. उजवा आधीच तुटलेला होता, आणि डावा क्षणभर दिसला, तेवढाच. पाल्प नव्हता, असं वाटलं मला. मग वाटता वाटता ते पक्कं होऊन बसलं."

बाईंना संताप यायला हवा होता. कुणाकुणाशी वैर घेतलं होतं त्यांनी या माणसापायी! पण संताप येईना. कारण आज त्यांनाही तो जबडा क्षणभर दिसला होता, आणि पाल्प नसावा असंच त्यांनाही वाटलं होतं. त्यांनी सरांचं पांघरूण सारखं केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

भेटायची वेळ संपल्याचं परिचारिकेने सांगितलं. बाई उठल्या, तशी सरांनी त्यांची बाही घट्ट धरली.

"तू काय लिहिणार आहेस?"