देवळात राहिलेले पितर

ख्रिस्ताने मृत्यूवर विजय मिळवला, ही गोष्ट उत्तरेकडच्या झेमाइतिया मुलखात बिशपांची गादी स्थापन झाली त्या दिवसापासून अमलात आली. मेलेल्यांना मात्र तसं कुणी कळवलं नव्हतं. पिकं घरात आली, झाडं उघडी पडली की ते पूर्वीसारखेच यायचे, पूर्वीसारखीच अंघोळ करायचे आणि पूर्वीसारखीच बिअर पिऊन जायचे.

पाद्री डोबेस्लावला हे पहिल्याच वर्षी कळलं. तो माझोवियाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या पोलिश मुलखातला. दुबिसा नदीकाठच्या या गावात ओंडक्यांचं नवं देऊळ उभं राहिलं, त्यावर क्रूस चढला आणि त्याखाली डोबेस्लावला आणून ठेवलं. गाव तोवर संपूर्ण ख्रिस्ती झालेलं होतं. एका सकाळीच सगळं उरकलं होतं. पुरुषांना नदीत उभं करून सगळ्यांना मिळून 'यान' हे नाव दिलं, बायकांना मिळून 'कतारिना', आणि माणशी एकेक पांढरा लोकरी सदरा. सदरा चांगल्या विणीचा होता, म्हणून काही जण पुढच्या गावी जाऊन पुन्हा एकदा ख्रिस्ती होऊन आले. आता गावात 'यान' अशी हाक मारली की कुणीच वळून बघत नसे.

तर त्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या सर्व मृतांच्या दिवशी, डोबेस्लाव दुपारपासून वेदीपाशी उभा होता आणि देवळात कुणी फिरकलं नव्हतं. नदीकडून धूर येत होता. धुराचा माग काढत तो रिमगाइलेच्या न्हाणीघरापाशी पोहोचला आणि दार ढकलून आत गेला.

आत दगड तापलेले होते, वाफ कोंदलेली होती. बाकांवर बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या, पंचे आणि घडी घातलेले सदरे मांडून ठेवले होते. त्यातले बरेचसे बाप्तिस्म्याचे होते. कोपऱ्यात काळा पाव, डुकराचं मटण आणि बिअरचं मडकं. माणूस एकही नव्हता.

"कोण यायचंय?" त्याने विचारलं.

"आमचीच माणसं," दारातून रिमगाइले म्हणाली. ही वयस्कर विधवा. गावातली बाळंतपणं आणि मयती दोन्ही तिच्याच हातून व्हायच्या. "दार लोटा ना, पाद्रीबाबा. ऊब चाललीय सगळी. माझ्या सासऱ्यांना गारठा सोसत नाही."

"सासरे कधी वारले?"

"मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. तेव्हापासून त्यांची कुरकुर काही थांबली नाही."

डोबेस्लाव चिडला नाही. निघताना बिशपांनी त्याला बजावलं होतं, मोडू नका, वळवा. आणि विचार केला तर वळवायचं तरी फार कुठे होतं? शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना या दिवशी आपल्या प्रार्थनांनी आराम मिळतो, हे खुद्द चर्चचंच म्हणणं. फरक उरला तो अंघोळीचा.

"पुढच्या वर्षीपासून यांना देवळात बोलवायचं," तो म्हणाला. "नावं तिथे घ्या. ताट तिथे मांडा, हवं तर. मी मिस्सा करीन, त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणीन."

रिमगाइलेने विचार केला. "जागा मोठी आहे खरी. आणि निरोप?"

"कसला निरोप?"

"जेवणं झाली की घरधनी वेदीपासून... म्हणजे आमच्यात चुलीपासून, दारापर्यंत झाडू मारतो. म्हणतो, खाल्लंत, प्यायलात, आता निघा. रस्त्याने जा, पेरलेलं तुडवू नका. तसं म्हटल्याशिवाय जातं होय कुणी? तुम्ही जाल?"

"आत्मे देवाच्या दयेने येतात आणि देवाच्या दयेने जातात," डोबेस्लाव म्हणाला. "त्यांना केरासारखं झाडून काढायचं? झाडू माझ्या देवळात चालणार नाही."

"बरं," रिमगाइले म्हणाली. "मग पाहुणे तुमचे."

पुढच्या वर्षी देऊळ भरलं. माणसं उत्तरेकडची भिंत मोकळी सोडून एकमेकांना खेटून उभी राहिली. भिंतीशी फळीवर पाव, मटण, मध, बिअर. एकेक जण पुढे होऊन आपापल्या माणसांची नावं घेत होता. एकही यान नाही, एकही कतारिना नाही. सगळी जुनी, जंगलातली नावं. डोबेस्लाव प्रत्येक नावानंतर लॅटिनमध्ये शांती मागत होता आणि मनातल्या मनात बिशपांना कळवायचा मजकूर जुळवत होता. शेवटचं नाव झालं. देऊळ गप्प झालं. त्या शांततेत त्याच्याच तोंडून, त्याला नकळत, निघून गेलं, "ओफ्का."

ओफ्का म्हणजे त्याची आई. तो कॅथेड्रलच्या शाळेत शिकत होता तेव्हा ती गावी तापाने गेली. पुरून झाल्यावर एका मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर निरोप आला. तिचं नाव मोठ्याने घ्यायची वेळ त्यानंतर कधी आली नव्हती.

माणसं घरी गेली. झाडू कुणी मारला नाही.

पुढच्या रविवारी देवळात कुणी आलं नाही. घंटा वाजवणारा म्हातारा टाउटविलास तेवढा दाराबाहेर बर्फात उभा राहून मिस्सेला उत्तरं देत होता.

"आत ये की," डोबेस्लाव वेदीवरून म्हणाला.

"जागा नाही, पाद्रीबाबा."

"अख्खं देऊळ मोकळं आहे."

"तुम्ही पुढे उभे ना. तुम्हाला नसेल दिसत."

डोबेस्लावने वळून पाहिलं. ओंडक्यांच्या भिंती, मातीची जमीन, फळीवर वाळलेला पाव. हसावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याच्या लक्षात आलं की मेणबत्त्यांच्या ज्योती उत्तरेकडे कलल्या आहेत. दार दक्षिणेला होतं आणि वाराही तिकडूनच येत होता, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. मग टाउटविलासने दार लोटून घेतलं. ज्योती कललेल्याच राहिल्या.

त्यानंतर तो पाठीमागे कान देऊन मिस्सा करू लागला. रिकाम्या जागेची शांतता आणि भरलेल्या जागेतली शांतता यांत फरक असतो. कोणत्याही पाद्रीला तो समजतो. ही शांतता दुसऱ्या जातीची होती. खूप माणसांनी खोकला दाबून धरावा तशी. 'प्रभू तुमच्याबरोबर असो' म्हटलं की बाहेरून टाउटविलासचं उत्तर यायचं, पण त्याच्या अगोदर एक क्षण असा जायचा, जणू आणखीही कुणाकुणाला काही म्हणायचं होतं आणि भाषा येत नव्हती.

एका सकाळी थंडीने हात आखडले म्हणून त्याने 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना भराभर उरकली. तेव्हा मागून, भिंतीपासून, जीभ टाळ्याला लावून कुणीतरी 'च्च' केलं.

तो तसाच उभा राहिला. लहानपणी जेवणाआधी तो अशीच प्रार्थना गिळायचा आणि आई अशीच 'च्च' करायची. बाकी काही बोलायची नाही. तेवढ्यावर त्याला पहिल्यापासून म्हणावी लागायची. त्याने ती पहिल्यापासून म्हटली, सावकाश.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम घाई केली. 'च्च' आलं. तिसऱ्या दिवशीही. नाताळापूर्वीच्या त्या उपासाच्या दिवसांत त्या मुलखात कुणी पाद्री म्हणत नसेल इतक्या वाईट प्रार्थना डोबेस्लाव म्हणत होता, आणि इतक्या आनंदाने.

मग सांगावा आला, की नाताळाच्या मिस्सेला बिशपांचा तपासनीस येतोय. देऊळ रिकामं दिसलं तर डोबेस्लावला परत जावं लागणार होतं आणि गावाला पुन्हा बाप्तिस्मा मिळणार होता. यावेळी सदरे वाटून नव्हे, शिपायांच्या देखरेखीखाली.

रिमगाइले त्याच दुपारी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. हातात झाडू होता.

"गावकरी म्हणतात, पाद्रीबाबांनी झाडू मारला तर येऊ. पाहुणे त्यांनी बोलावले, आम्ही कसे काढणार?"

"आत कुणी नाही, रिमगाइले."

"नाही ना? मग झाडायला तुमचं काय जातंय?"

ती वाट बघत उभी राहिली. बायका अडल्या की ती अशीच उभी राहत असणार.

"माझी आई आहे आत," तो म्हणाला.

रिमगाइलेने मान हलवली. नवल वाटल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "नाव घेतलंत तेव्हाच वाटलं होतं मला. लांबची आहे का?"

"माझोवियाची. नारेव नदीच्या काठची."

"अरे देवा. मग तिला इथली वाट कुठली माहीत? आणि आमच्यातली सगळी झेमाइत बोलणार. दीड महिना बिचारी परक्यांच्या घोळक्यात उभी आहे, बसायला बाक नाही, आणि माझा सासरा शेजारी." ती जरा थांबली. "तुमच्यासाठी थांबलीय ती, पाद्रीबाबा. पण तिला बरं वाटत असेल असं समजू नका."

तिने झाडू उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली.

डोबेस्लाव वेदीपासून झाडायला लागला. आधी त्याने लॅटिनमध्ये काहीबाही म्हणून पाहिलं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर धर्मात बसावं. कुणी हललं नाही. मग तो मोडक्यातोडक्या झेमाइत भाषेत म्हणाला, "खाल्लंत, प्यायलात, आता निघा. रस्त्याने जा. पेरलेलं तुडवू नका." उत्तरेच्या भिंतीपाशी हवा ढवळली. त्याच्या घोट्यांना गारवा लागला, सरकला, पुन्हा लागला. बाजार उठताना माणसं अंगाला घासून जावीत तसा. दारातून बाहेर जाणारा गारवा बराच वेळ संपेना. सर्वांत शेवटी जो गेला तो जाता जाता दाराशी घुटमळला आणि बिजागरी कुरकुरली. रिमगाइलेचा सासरा असावा.

ज्योती जवळजवळ सरळ झाल्या होत्या. जवळजवळ.

मग तो झाडू टेकून उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलू लागला. "आई, नदी उतरून उजवा काठ धर. ही पुढे मोठ्या नेमान नदीला मिळते, तिथे नाववाले असतात, पण त्यांच्यापाशी थांबू नकोस, ते शिव्या देतात. पलीकडे जंगल लागेल. जंगलात सरळच जायचं, कुणी हाक मारली तरी सरळ. नारेवचं पाणी दिसलं की लोम्झाचा पूल, आणि पुलानंतर तुला माहीतच आहे." एवढं झाल्यावर त्याला आणखी काही सुचेना. "जेवलीस ना?" त्याने विचारलं, आणि हळूच, तिच्या पायांना लागणार नाही असा, झाडू ओढला.

ज्योती सरळ झाल्या. त्याने दार लावलं, वेदीपाशी जाऊन गुडघे टेकले आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' एका दमात म्हणून टाकलं. मग वाट पाहिली. मग पुन्हा म्हटलं, आणखी भराभर, मधल्या दोन ओळी गाळून. देऊळ मोकळं होतं.

नाताळाला सगळा गाव आला. तपासनीस घोड्यावरून उतरला, आत शिरला आणि वेदीशेजारी भिंतीला टेकवलेला झाडू बघून थबकला.

"हे काय?"

"सर्व मृतांच्या दिवसानंतर देऊळ झाडतो आम्ही," डोबेस्लाव म्हणाला.

"वेदीपासून दाराकडे?"

"हो."

"जुनी ख्रिस्ती चाल दिसते," तपासनीस म्हणाला. "रोममध्येही असणार. बाकीच्या देवळांना लागू करायला हवी."

मिस्सा नीट झाली. माणसं उत्तरेच्या भिंतीला अगदी पाठ टेकवून उभी होती आणि सगळ्यांच्या श्वासांनी देऊळ ऊबदार झालं होतं. डोबेस्लावने सगळ्या प्रार्थना सावकाश म्हटल्या, एकही शब्द न गिळता. प्रवचन सुरू झालं तशी निम्मी माणसं बाहेर जाऊन उभी राहिली.