साडेपाचची प्रार्थना

साइटवर तिला सगळे घार म्हणायचे. सात वर्षं ती उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंड, विटा, काँक्रीटच्या बादल्या अलगद हव्या तिथे ठेवत आली होती. उंचीचं तिला कधी काही वाटलं नाही. देवावर श्रद्धा होती, पण प्रार्थना म्हणजे शिडी चढताना एखादं वाक्य आणि उरलेलं सगळं रविवारी चर्चमध्ये. घरी सासरे मात्र रोज पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून अर्धा तास बसत. निवृत्त गवंडी माणूस. ती नवऱ्याला हसून म्हणायची की बाबांची नोकरी सुटली, पण हजेरी काही सुटली नाही.

मग एका दुपारी वारा उठला. हुकाला सळ्यांचा भारा लटकत असताना असा झोत आला, की भारा गरगरत भिंतीवर आदळला आणि निम्म्या सळ्या निसटून खाली कोसळल्या. कुणाला ओरखडाही आला नाही. पण जिथे त्या पडल्या, तिथे दोनच मिनिटांपूर्वी हुकाला माल बांधणारा कामगार उभा होता.

चौकशीत तिची चूक निघाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी शिडीला हात लावला आणि ती तशीच मागे फिरली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुकादमाने तिला फाटकावर ट्रकांची नोंद करायला बसवलं आणि क्रेनवर दुसरा चालक आणला. माल बांधणारा समोरून आला की ती वहीत मान खुपसून बसायची.

एका पहाटे डोळा लागेना म्हणून ती उठली आणि सासऱ्यांच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे उघडले, चहाचं आधण ठेवलं.

"बाबा, मी बसले खरी, पण काहीच झालं नाही."

"मलाही बरेचदा काही होत नाही."

सासऱ्यांनी सांगितलं, सासूबाई गेल्या तेव्हा वर्षभर त्यांच्या तोंडात प्रार्थना कोरडी वाळू झाली होती. तरी ते बसत होते.

"मग बसायचात कशाला?"

"परवा काय जेवलीस ते आठवतं का तुला? पण अंगी लागलंच ना. मला काही ऐकू येवो न येवो, प्रभूला ऐकू जातं. मला तेवढं पुरतं."

त्या दिवसापासून ती रोज बसू लागली. पहिला आठवडा तर डुलक्यांतच गेला. एकदा कपाळ टेबलावर आपटलं तेव्हा सासरे शांतपणे म्हणाले की नमस्कार पोचला असेल. नंतर झोप हटली आणि शब्द आले. आधी ती भीती काढून टाक म्हणून हट्ट धरायची. हळूहळू हट्ट गळाला आणि खरं तेवढंच उरलं: प्रभू, मला भीती वाटते, मी तुझ्याजवळ बसते.

तिसऱ्या आठवड्यात ती आपण होऊन माल बांधणाऱ्याकडे गेली आणि त्याची माफी मागितली. तो ओशाळला. म्हणाला, माफी कसली, वाऱ्याला काय तू सांगणार होतीस. आणि त्या वेळी आपण पाणी प्यायला गेलो असं सगळ्यांना सांगितलंय, पण खरं तर विडी ओढायला गेलो होतो, ते तेवढं बायकोला कळू देऊ नको. कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.

सातव्या आठवड्यात इमारतीच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी चढवायची होती. त्यासाठी समोरचा रस्ता वाहतुकीला फक्त दुपारपर्यंत बंद मिळाला होता. सकाळी नऊला नव्या चालकाच्या पोटात अशी कळ आली की त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मुकादम फोनवर फोन लावत होता. फाटकावरची वही मिटून घार त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी चढते."

"भीती गेली?"

"नाही. पण चढते."

मुकादमाने तिला नीट निरखलं. आधी रिकामा हूक फिरवून दाखव, मनासारखं झालं तरच टाकी, असं त्याने बजावलं.

पहिला टप्पा ती सहज चढली. दुसऱ्यावर भीतीने गाठलं. ती शिडीला बिलगून थांबली. नवीन प्रार्थना काही सुचेना. पण रोज पहाटे म्हटलेले ते शब्द श्वासासारखे आपोआप येऊ लागले. तुझ्याजवळ आहे. तुझ्याजवळ आहे. पाय उचलला. पुढचा उचलला. भीती तिच्यासोबत केबिनपर्यंत आली, पण क्रेनचे दांडे हातात घेतले ते घारीने.

रिकामा हूक तिने तीनदा फिरवला. मुकादमाने होकार दिला. टाकी जमिनीवरून उठली, सावकाश वर आली, गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे गेली. वायरलेसवर माल बांधणाऱ्याचा आवाज होता: "चार बोटं डावीकडे. बास. सोड." टाकी चौथऱ्यावर अशी टेकली की धूळसुद्धा उडाली नाही. खाली अख्खी साइट टाळ्या पिटत होती. कुणीतरी टोपी उडवली. ती रडत होती आणि हसतही होती. मग डोळे पुसून तिने हूक पुन्हा खाली सोडला, कारण विटांच्या पाच खेपा बाकी होत्या. त्या सगळ्या तिने चढवल्या.

संध्याकाळी तिने घरी येऊन चपला काढायच्या आधीच सगळं सांगितलं. सासरे वाटाणे सोलत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तिथल्या तिथे, वाटाण्याच्या सालांसमोर गुडघे टेकले आणि मोठ्याने प्रभूचे आभार मानायला सुरुवात केली, ती इतकी खणखणीत, की नवरा अंगाला साबण तसाच ठेवून काय झालं बघायला न्हाणीतून बाहेर आला.